मोजणं म्हणजे वजाबाकी!

हे मला आधी कुणी सांगितलं का नाही? बीएस्सीला फिजिक्स घेतलं, व्हीटस्टन ब्रिजचा प्रयोग केला, जर्नलमध्ये पेन्सिलीनं सुबक आकृती काढली, सरांची सही घेतली, मार्क मिळाले आणि विषय संपला. चार रोधांच्या त्या चौकटीत एवढं मोठं जग दडलंय, हे एका शब्दानं कुणी बोललं नाही! आता पुण्यात एमएस्सीला इन्स्ट्रुमेंटेशन घेतलंय आणि माझी अवस्था अशी झालीय की मेसमध्ये जेवताना, बसमध्ये उभ्यानं लटकताना, रात्री आईशी फोनवर बोलताना, विषय कुठलाही असो, मी सेन्सरवर घसरतेच. रूममेटनं तर कायदाच केलाय, रात्री अकरानंतर थर्मोकपलचं नाव काढायचं नाही. म्हणून आता तुम्हीच ऐका.

सुरुवातीच्याच एका तासाला मॅडम वर्गात आल्या आणि खडू हातात घ्यायच्या आधी म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. जगातला प्रत्येक सेन्सर आधी थर्मामीटर असतो, मग बाकी जे काय असेल ते." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. दाब मोजणारा सेन्सर घ्या, वजन मोजणारा घ्या, गॅस ओळखणारा घ्या, तापमान बदललं की तो बदलतोच. शिवाय दमट हवा, भिंतीतल्या वायरिंगची घरघर, शेजारून गेलेल्या ट्रकचा हादरा, सेन्सरचं स्वतःचं वय, हे सगळं त्याला जाणवतं. जगातली प्रत्येक वस्तू प्रत्येक गोष्टीला थोडी थोडी दाद देत असते. मग प्रश्न 'कसं ओळखायचं' हा उरतच नाही. हवं ते एक सोडून बाकीचं सगळं कसं गाळायचं, हा खरा प्रश्न! आणि त्याची उत्तरं माणसानं कुठून कुठून शोधून काढलीत, ते बघताना मला रोज नव्यानं वेड लागतं.

स्ट्रेन गेजपासून सुरू करते. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर नागमोडी कोरलेली धातूची बारीक तार, सगळा कारभार नखाएवढा. तो लोखंडी पट्टीवर फेविक्विकच्या जातीच्या गोंदानं चिकटवायचा. पट्टी वाकली की गेज ताणला जातो, तार लांब आणि बारीक होते, तिचा रोध वाढतो. किती? ३५० ओहमचा गेज, गेज फॅक्टर २ (म्हणजे लांबी जितक्या हिश्शानं वाढते, रोध त्याच्या दुप्पट हिश्शानं), आणि पट्टी स्वतःच्या लांबीच्या दहा हजाराव्या हिश्शानं ताणलेली. तर रोध वाढतो ०.०७ ओहम. साडेतीनशेत सात शतांश! आता गंमत बघा. गेजपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या वायरींचा रोध नुसता एक ओहम असला, तरी तापमान अठरा अंशांनी चढलं की त्यांचाच रोध ०.०७ ओहमनं वाढतो. म्हणजे पुलाखाली गेज लावून बसलात तर पुलावरून ट्रक गेला की दुपारचं ऊन चढलं, हे कळायला मार्ग नाही.

आणि इथं ती जर्नलमधली चौकट येते! आणखी एक तसाच गेज घ्यायचा, तसल्याच धातूच्या मोकळ्या तुकड्यावर चिकटवायचा, तुकडा तिथंच शेजारी ठेवायचा आणि हा गेज ब्रिजच्या शेजारच्या बाजूत जोडायचा. ऊन दोघांनाही लागतं, वायरी दोघांच्याही तापतात, दोघांचेही रोध सारखेच वाढतात, आणि ब्रिज फक्त फरक दाखवतो. ऊन गायब! उरतो तो ताण. मग मॅडमनी विचारलं, "दुसरा गेज त्याच पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटवला तर?" पट्टी वाकते तेव्हा वरचं अंग ताणतं आणि खालचं आवळतं. एक रोध वाढतो, दुसरा घटतो. तापमान तर कटतंच, वर सिग्नल दुप्पट होतो! वजा केल्यावर वाढतं, हे मी ऑसिलोस्कोपवर माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला उगाचच धपाटा घातला.

ही चौकट मुळात व्हीटस्टनची नाहीच, सॅम्युएल हंटर क्रिस्टी या गणितज्ञानं ती १८३३ मध्ये मांडली. व्हीटस्टननं १८४३ मध्ये ती लोकांसमोर आणली आणि श्रेय क्रिस्टीचं आहे हे स्वतःच सांगितलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि चिकटवायचा स्ट्रेन गेज? १९३८ मध्ये अमेरिकेत दोन माणसांना, एकमेकांचा पत्ता नसताना, तो सुचला: कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज. रूज उंच पाण्याच्या टाक्यांना भूकंपात काय होतं ते मॉडेलवर तपासत होता. एमआयटीच्या पेटंट समितीनं त्याला कळवलं की शोध चांगला आहे, पण धंद्याच्या दृष्टीनं फारसा महत्त्वाचा दिसत नाही, तुमचं तुम्हीच बघा! आज मंडईत भाजीवाल्या मावशींचा इलेक्ट्रॉनिक काटा उलटा करून उघडला तर आत ॲल्युमिनियमची एक छेद पाडलेली वीट आणि तिला चिकटलेले हेच गेज सापडतात. पाव किलो मिरच्या घेताना आपण एक अख्खा व्हीटस्टन ब्रिज वापरतो, आणि आपल्या तोंडी मात्र "मावशी, थोडी कोथिंबीर घाला वरून" एवढंच.

पुढचा धक्का माझ्या स्वतःच्या हृदयानं दिला. ईसीजीचं सर्किट आम्ही ब्रेडबोर्डवर जोडलं होतं, अर्थात बॅटरीवर, कारण माणसाला जोडायची गोष्ट थेट मेन्सवर चालवायची नसते, हे आमच्याकडं पहिलं घोकून घेतात. हृदयाचा विद्युतसंकेत कातडीपर्यंत येतो तेव्हा उरतो जेमतेम एक मिलिव्होल्ट. त्याच वेळी ट्यूबलाइट, पंखे आणि भिंतीतल्या वायरी यांच्यामुळं आपलं अख्खं शरीर ५० हर्ट्झवर घुमत असतं, आणि ही घरघर हृदयापेक्षा कितीतरी मोठी असते. हृदय त्यात ऐकू येणार कसं? पुन्हा तोच डाव. एक इलेक्ट्रोड उजव्या हाताला, एक डाव्या. घरघर दोन्हीकडं सारखी, ठोका दोन्हीकडं वेगळा. इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर एकातून दुसरा वजा करतो. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये सारख्या भागापेक्षा फरकाला एक लाख पट जास्त मान मिळतो, त्यालाच शंभर डेसिबल म्हणायचं. आणि उजव्या पायाचा इलेक्ट्रोड कशाला, तर तो मोजतच नाही! सर्किट अंगावरची घरघर मोजतं, उलटी करतं आणि या इलेक्ट्रोडमधून परत शरीरातच सोडतं, म्हणजे ती मुळातच मरते. हे ज्याला सुचलं त्याला मी मनातल्या मनात कितीतरी वेळा नमस्कार घातलाय.

स्क्रीनवर शिखर उमटलं, दरी उमटली, पुन्हा शिखर. हे मी होते! विलेम आइंथोवेननं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नेदरलँड्समधल्या लायडनला हेच बघितलं, तेव्हा त्याचं यंत्र सुमारे पावणेतीनशे किलोंचं होतं, चालवायला पाच माणसं लागायची आणि पेशंट हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचा. १९२४ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. माझं यंत्र तळहातावर मावत होतं आणि त्यातली चिप बुधवार पेठेतल्या दुकानातून आणलेली होती.

इतकं सगळं वजा केलं तरी खाली काहीतरी सळसळत राहतंच, आणि ही सळसळ कुणाची आहे हे कळलं त्या दिवशी मला झोप लागली नाही. कशालाही न जोडलेला, टेबलावर नुसता पडलेला रोध स्वतःहून व्होल्टेज काढत असतो! आतले इलेक्ट्रॉन उष्णतेनं इकडून तिकडं धडपडतात, त्याचा हा गलका. बेल लॅब्जमध्ये जॉन्सननं तो मोजला, नायक्विस्टनं त्याचं गणित लावलं, दोघांचे लेख १९२८ मध्ये छापून आले. खोलीच्या तापमानाला दहा किलोओहमचा रोध दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे १.३ मायक्रोव्होल्ट इतका गलबलतो. कितीही महागडा रोध आणा, शील्ड घाला, हे सुटत नाही. गप्प करायचा असेल तर थंड करा, कारण हा गलका म्हणजेच तापमान. मग कुणीतरी म्हणालं, तसं असेल तर गलक्यावरूनच तापमान मोजू! आणि खरंच तसा थर्मामीटर आहे. २० मे २०१९ पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावर बेतली गेली, त्याआधी तो स्थिरांक अचूक ठरवायच्या कामात या गलक्याच्या थर्मामीटरचाही वाटा होता. मॅडमचं सुरुवातीचं ते वाक्य आठवलं. साधा रोधसुद्धा आधी थर्मामीटरच निघाला.

सिग्नल या गलक्याच्याही खाली गेला तर? तर लॉक-इन ॲम्प्लिफायर! प्रयोगशाळेत एका टोकाला मिणमिणता एलईडी, दुसऱ्या टोकाला फोटोडायोड, मध्ये खिडकीचा उजेड आणि डोक्यावर ट्यूबलाइट. फोटोडायोडच्या सिग्नलमध्ये एलईडीचा मागमूस नाही, नुसतं गवत माजलेलं. मग एलईडी आपण ठरवलेल्या एका लयीत चालू-बंद करायचा, पन्नासच्या पाढ्यात न बसणारी लय मुद्दाम निवडायची, आणि आलेल्या सगळ्या गोंधळाला त्याच लयीनं गुणून सरासरी काढत बसायचं. जे त्या लयीत नाही ते कधी अधिक, कधी उणे, शेवटी शून्य. जे लयीत आहे ते साठत जातं. वारीत शेकडो दिंड्यांचे टाळ एकाच वेळी वाजत असताना आपल्या दिंडीचा ठेका धरून चालणाऱ्या माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही, तसं हे यंत्र आपला ठेका सोडत नाही. सरांनी वेळ वाढवायला सांगितली, आकडा हळूहळू स्थिर झाला, मी एलईडीपुढं हात धरला आणि आकडा पडला. हात काढला, चढला. जे डोळ्यांना दिसत नव्हतं, स्कोपवरही दिसत नव्हतं, ते तिथं होतं!

मग तर मला जिथं तिथं वजाबाकीच दिसायला लागली. थर्मोकपल तापमान मोजतच नाही, दोन टोकांच्या तापमानांतला फरक मोजतं. के-टाइपला अंशामागं साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. दुसऱ्या टोकाचं तापमान वेगळं मोजून त्यात घालावं लागतं, नाहीतर भट्टीचा आकडा खोलीच्या एसीबरोबर डुलतो. झेबेकला १८२१ मध्ये हे सापडलं, तेव्हा होकायंत्राची सुई हलली म्हणून तो याला चुंबकत्वच समजत राहिला. डबल-बीम स्पेक्ट्रोफोटोमीटर नमुन्यातून गेलेला प्रकाश कोऱ्या द्रावणातून गेलेल्या प्रकाशाशी ताडून बघतो. पीएच मीटरमध्ये दोन इलेक्ट्रोड. २५ अंशांना एका पीएचमागं ५९.१६ मिलिव्होल्ट, आणि काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शेकडो मेगाओहम, म्हणजे साधा मीटर जोडला की सिग्नल तिथंच खलास. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांनी व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर लावून हा गुंता सोडवला. कशासाठी? लिंबाच्या रसाची आंबटाई मोजायला! लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगात काम करणारा त्यांचा मित्र अडला होता. एका लिंबापायी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा कायमच्या बदलल्या.

आणि एडविन हॉल! याची गोष्ट ऐकली तेव्हा मी कँटीनमध्ये चहा गार होऊ दिला. १८७९, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, हॉल तिथला पदव्युत्तर विद्यार्थी, म्हणजे अगदी आपल्यासारखा. मॅक्सवेलच्या ग्रंथात वाचलं की चुंबक वाहत्या विजेला ढकलत नाही, तारेला ढकलतो. हॉलला ते पटेना. मॅक्सवेलचं पटेना! गुरुजी रोलंड यांच्याशी बोलून त्यानं काचेवर सोन्याचा वर्ख लावला, चुंबकात धरला, वीज सोडली आणि आडव्या दिशेला इवलासा व्होल्टेज मिळवला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती. आज इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरीत चुंबक कुठं आलाय हे सांगणारा आणि हँडलची मूठ किती पिळली हे ओळखणारा सेन्सर त्याच्याच नावाचा आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला काही सुचत नसेल तर हॉलची आठवण काढायची, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

प्रयोगशाळेत हे सगळं टेबलावर मावतं. पण गळीत हंगामात विभागानं आम्हाला साखर कारखान्यात नेलं आणि तिथं हीच विद्या चार मजली उंच झाली. तापलेल्या रसाचा गोडसर, जळका वास, पायाखाली थरथरणारी जाळी, आणि कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर शांतपणे बदलणारे आकडे. प्रत्येक आकडा दूरवरून तारेतून येतो, आणि व्होल्टेज म्हणून येतच नाही, करंट म्हणून येतो: ४ ते २० मिलिॲम्पिअर. करंटच का? तार शंभर मीटर असो की हजार, तिचा रोध कितीही असो, एका फेऱ्यातला करंट सगळीकडं तोच. आणि शून्यापासून का नाही? कारण शून्य म्हणजे 'टाकी रिकामी' की 'उंदरानं वायर कुरतडली', हे कळायला पाहिजे! चार आले तर टाकी रिकामी, शून्य आले तर वायर तुटली. शिवाय त्या पहिल्या चार मिलिॲम्पिअरवरच ट्रान्समीटरचं पोट भरतं, त्याला वेगळी वीज द्यावी लागत नाही. एका साध्या आकड्यात तीन अडचणी मिटल्या. हे ज्यांनी ठरवलं ते खरे संसारी लोक असणार.

तिथले इन्स्ट्रुमेंटवाले मामा आम्हाला बॉयलरपाशी घेऊन गेले. ड्रममध्ये पाणी किती आहे ते काच लावून बघण्यापेक्षा वरचा आणि खालचा दाब मोजून फरक काढतात. पाण्याच्या उंचीएवढा फरक. वजाबाकी! मी मनात टाळी वाजवली. तेवढ्यात मामांनी विचारलं, "पोरींनो, टर्बाइननं एकदम जास्त वाफ ओढली तर लेव्हल वर जाईल का खाली?" वाफ जाते म्हणजे पाणी कमी होतं, म्हणजे खाली. "नाही," मामा म्हणाले, "आधी वर जाते." दाब एकदम उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, पाणी फुगून वर चढतं. त्या लेव्हलवर विश्वास ठेवून कंट्रोलरनं पाणी बंद केलं तर बॉयलर कोरडा पडायची वेळ. सेन्सर खोटं बोलत नाही, त्याला दिसतं ते तो खरंच सांगतो. पण एकटा सेन्सर पुरा पडत नाही. म्हणून लेव्हलच्या जोडीला बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी, दोन्ही मोजायचं, आणि तिघांचं मिळून ठरवायचं. थ्री-एलिमेंट कंट्रोल. पुस्तकात एक पान आहे यावर. मामांच्या शेजारी उभं राहून ऐकल्यावर कळलं की त्या पानात किती वाफ कोंडलेली आहे.

सुट्टीत गावी गेले तर डेअरीतसुद्धा मला राहवेना. आमचे आण्णा रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. पूर्वी फॅट काढायची ती गर्बर पद्धतीनं: नळीत दूध, त्यात गंधकाम्ल, थोडं ॲमिल अल्कोहोल, मग नळ्या गरगर फिरवायच्या. आम्ल दुधातलं फॅट सोडून बाकी सगळं विरघळवतं आणि फॅट नळीच्या मानेत वर येऊन बसतं. स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बरनं हे १८९१ मध्ये बसवलं. बाकीचं सगळं घालवा, उरेल ते मोजा! इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नसताना हीच युक्ती. आता डेअरीत अल्ट्रासाउंडचं यंत्र आहे, दूध ओढून घेतं, त्यातून ध्वनी सोडतं आणि थोड्या वेळात फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) छापून देतं. पण दुधातला ध्वनीचा वेग तापमानानंही बदलतो, म्हणून यंत्राला आत तापमान सांभाळावं लागतं. आपल्याकडं गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, खाली गेलं की पैसे कटतात. म्हणजे आण्णांची कमाई त्या पावतीवरच्या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर टांगलेली! मी यंत्राच्या मागं वाकून कॅलिब्रेशनचं स्टिकर शोधायला लागले, तेव्हा आण्णा डेअरीवाल्याला म्हणाले, "शिकायला पाठवलंय, दुसरं काय." पण आवाजात कौतुक होतं, मी ओळखलं.

कॅलिब्रेशन हा विषय ऐकायला रुक्ष, पण या सगळ्याचा कणा तोच आहे. आमच्या सरांपुढं नुसता आकडा घेऊन जायची सोय नाही. "पंचवीस पूर्णांक तीन अंश," म्हटलं की प्रश्न येतो, "किती खात्रीनं?" स्क्रीनवर चार दशांश दिसले म्हणून ते चारही खरे नसतात. चोवीस बिटांचा एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पायऱ्या पाडतो, त्यातल्या खालच्या कितीतरी पायऱ्यांवर नुसता गलकाच नाचत असतो. म्हणून तुमचा थर्मामीटर एका चांगल्या थर्मामीटरशी ताडायचा, तो त्याहून चांगल्याशी, अशी साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथून जगानं मान्य केलेल्या एककांपर्यंत जाते. आकड्यापुढं अधिक-उणे लिहिणं म्हणजे प्रामाणिकपणाला गणितात बसवणं. मला हे फार आवडलं. इतक्या सभ्यपणे शंका घ्यायला शिकवणारा दुसरा विषय मी तरी बघितला नाही.

आता खिशातला फोन आडवा करा. स्क्रीन फिरली? आत सिलिकॉनचा एक कण सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला आहे. त्याला कंगव्यासारखे दाते आहेत आणि दोन्ही बाजूंना स्थिर दाते. कण सरकला की एका बाजूची धारिता वाढते, दुसरीकडची घटते, आणि चिप त्या दोन्हींचा फरक घेते. गाडीतली एअरबॅग कधी उघडायची ते असलाच सेन्सर सांगतो. तुम्ही ही वजाबाकी दिवसभर जवळ बाळगता!

आणि या सगळ्याचं टोक आपल्या मराठवाड्यात उभं राहायचंय. आधी अमेरिकेतलं बघा: लायगो हे गुरुत्वीय लहरी टिपणारं, काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असलेलं यंत्र. एकच लेझर दोन भागांत फोडायचा, दोन्ही बाहूंतून आरशांवर आपटून परत आणायचा आणि असा जुळवायचा की दोन किरण एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतील. उजेडातून उजेड वजा, उरला अंधार. त्या अंधारात १४ सप्टेंबर २०१५ ला किंचित प्रकाश हलला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि बाहूंच्या लांबीतला फरक होता प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाच्या घरातला! लुइझियाना आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या लायगोच्या दोन यंत्रांत ती गुरुत्वीय लाट सात मिलिसेकंदांच्या अंतरानं पोचली. हा हलका थरकाप खरा आहे, भूकंपाचा नाही, विजेच्या लाइनीचा नाही, जवळून गेलेल्या गाडीचा नाही, हे सांगायला भोवती भूकंपमापक, चुंबकत्वमापक, मायक्रोफोन, थर्मामीटर यांची फौज लागते. गलक्यातून अशी लाट हुडकायच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचं मोठं काम आहे. हे कळल्यापासून विद्यापीठाच्या आवारातून आयुकावरून जाताना माझी मान आपोआप तिकडं वळते.

तसंच यंत्र, चार किलोमीटरच्या बाहूंचं, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला ज्या रस्त्यानं लोक जातात, त्याच भागात जगातल्या सगळ्यात हळव्या मोजपट्ट्यांपैकी एक! तिला सांभाळायला व्हॅक्यूम जाणणारे लागतील, लेझरवाले लागतील, कंट्रोलवाले लागतील, आणि ऊन, हादरा, घरघर वजा करत बसणारे, म्हणजे आम्ही, तर ढिगानं लागू.

म्हणून बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सगळ्यांना हात जोडून सांगते. फिजिक्स असो, इलेक्ट्रॉनिक्स असो, "पुढं काय" म्हणून डोकं धरून बसला असाल, तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी जवळच्या विद्यापीठातल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात एकदा जाऊन या. सीनियरना सांगा, आम्हाला ब्रिज दाखवा, लॉक-इन दाखवा, ईसीजी दाखवा. कुणीही आनंदानं दाखवील, कारण हे सांगायला आम्हाला ऐकणारे कमीच मिळतात. गणित लागतं, सोल्डरिंगला हात बसवावा लागतो, आणि संयम तर भरपूर लागतो. मुलींनो, तुम्ही तर याच. आमच्या वर्गात सोल्डरिंगला सगळ्यात सफाईचा हात एका मुलीचा आहे, आणि ती मी नव्हे. नोकऱ्या कारखान्यांत आहेत, दवाखान्यांच्या यंत्रांत आहेत, गाड्यांत आहेत, संशोधनात आहेत. पण नोकरीची गोष्ट नंतर बोलू. आधी येऊन एकदा स्क्रीनवर स्वतःचं हृदय बघा.